प्लाटिया: शपथ, वेढा आणि न्यायासन

ग्रीक नगरराज्यांच्या आपसांतील युद्धांचा इतिहास बहुधा अथेन्स आणि स्पार्टा या दोन राज्यांच्या अंगाने सांगितला जातो, परंतु इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक जगात लहानमोठी हजाराच्या आसपास नगरराज्ये नांदत होती, आणि त्यांतील बहुसंख्य राज्ये इतकी लहान होती की युद्ध केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा थांबावे हे ठरवणे त्यांच्या हाती कधीच नव्हते. ग्रीक लोक ज्याला ‘पोलिस’ म्हणत ते नगरराज्य म्हणजे एक शहर, त्याच्या भोवतीची शेते व कुरणे, आणि स्वतःचे कायदे, देवता व पंचांग असणारा तेथील नागरिकांचा समुदाय होय. अशा समुदायाला आपली स्वायत्तता प्राणाहून प्रिय असे, मात्र ती राखण्यासाठी त्याला एखाद्या बलाढ्य राज्याचा आश्रय घ्यावा लागे, आणि आश्रय घेतला की त्या राज्याची वैरेही पदरात पडत. बिओशिया प्रांतातील प्लाटिया या छोट्या राज्याच्या इतिहासात ही कोंडी जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

प्लाटिया सिथेरॉन पर्वताच्या उत्तर उतारावर वसलेले होते. पर्वताच्या दक्षिणेस अथेन्सचा ॲटिका प्रांत होता, उत्तरेस असोपस नदी वाहत होती आणि नदीपलीकडे, सुमारे 13 किलोमीटर अंतरावर, थीब्झ हे बिओशियातील सर्वांत प्रबळ नगरराज्य होते. बिओशियातील सर्व नगरे एका संघात आणून त्या संघाचे नेतृत्व आपल्याकडे ठेवावे ही थीब्झची जुनी आकांक्षा होती आणि प्लाटियाने तिला कधी मनापासून मान्यता दिली नाही.

अशा शेजाऱ्यांमधील लढाईची एक रूढ पद्धत होती. तिचा कणा ‘हॉप्लाइट’ हा होता. म्हणजे मोठी गोल ढाल, लांब भाला आणि धातूचे शिरस्त्राण स्वखर्चाने घेऊन येणारा पायदळ सैनिक, जो एरवी बहुधा शेतकरी असे. हे सैनिक खांद्याला खांदा भिडवून अनेक ओळींची जी दाट फळी उभी करीत तिला ‘फॅलँक्स’ म्हणत, आणि अशा दोन फळ्या सपाट मैदानावर एकमेकींवर आदळल्या की एका दिवसात निकाल लागे. शत्रूच्या प्रदेशात शिरण्याचा हंगाम उभ्या पिकांवरून ठरे, कारण शेत जाळण्याची धमकी हीच शत्रूला तटाबाहेर काढण्याची युक्ती होती. जिंकणारा पक्ष रणभूमीवर शत्रूची शस्त्रे टांगून विजयचिन्ह उभारी, आणि हरलेला पक्ष दूत पाठवून आपल्या मृतांची प्रेते मागे. ते मागणे हीच पराभवाची कबुली मानली जाई. दूताला हात लावू नये, देवाच्या वेदीशी बसलेल्या शरणागताला ओढून नेऊ नये, शपथ मोडू नये, हे सारे नियम धर्माचे होते, आणि त्यांच्यामागे देवतांच्या कोपाच्या भीतीपलीकडे कोणतीही सत्ता उभी नव्हती. हे नियम केवळ दिखाऊ होते असे मानणे चुकीचे ठरेल, कारण असंख्य प्रसंगी ते पाळले गेले. तथापि दोन्ही पक्ष साधारण तुल्यबळ असतानाच ते सुरळीत चालत.

थुसिडिडीझ या अथेनियन इतिहासकाराच्या कालगणनेप्रमाणे प्लाटियाने अथेन्सशी मैत्री केली ती इ.स.पू. 519 मध्ये. हेरोडोटस हा इतिहासकार सांगतो की थीब्झच्या जाचाला कंटाळलेले प्लाटियाचे लोक आधी स्पार्टाचा राजा क्लिओमेनीझ याच्याकडे गेले होते. परंतु स्पार्टा फार दूर आहे, मदत पोहोचण्यापूर्वीच तुम्ही गुलाम व्हाल, म्हणून जवळच्या अथेन्सचा आश्रय घ्या, असा सल्ला त्यांना मिळाला. हा सल्ला प्लाटियाविषयीच्या कळवळ्यापोटी दिलेला नव्हता, अथेन्सच्या गळ्यात बिओशियाचे वैर अडकावे हा त्यामागचा हेतू होता, असेही हेरोडोटसने नोंदवले आहे. प्लाटियाचे प्रतिनिधी अथेन्समधील बारा देवांच्या वेदीशी शरणागत म्हणून बसले आणि अथेन्सने त्यांना आपले म्हटले. थीब्झने लगोलग स्वारी केली, कॉरिंथने मध्यस्थी केली, तरीही लढाई झाली, थीब्झ हरले आणि असोपस नदी ही दोन्ही राज्यांची सीमा ठरली. ज्या स्पार्टाने ही मैत्री जुळवून दिली त्याच स्पार्टाने 92 वर्षांनंतर तिच्यासाठी प्लाटियाला देहदंड द्यावा, हे या इतिहासातील सर्वांत कटू सत्य आहे.

या मैत्रीची किंमत प्लाटियाने प्रामाणिकपणे चुकवली. इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर पर्शियन सैन्यासमोर अथेन्सच्या बाजूने प्लाटिया सर्व बळानिशी उभे राहिले. दहा वर्षांनी सम्राट झर्क्सिसच्या स्वारीत थीब्झ पर्शियनांना मिळाले आणि प्लाटिया जाळले गेले, आणि इ.स.पू. 479 मध्ये प्लाटियाच्याच भूमीवर ग्रीकांच्या संयुक्त सैन्याने पर्शियनांचा निर्णायक पराभव केला. विजयानंतर स्पार्टाचा सेनापती पॉसेनिअस याने प्लाटियाच्या चौकात मुक्तिदात्या झ्यूसला बळी अर्पण केला आणि सर्व मित्रराज्यांच्या साक्षीने प्लाटियाला स्वातंत्र्याचे वचन दिले. प्लाटियावर कोणी अन्यायाने चाल करू नये आणि केल्यास उपस्थित राज्यांनी त्याचे रक्षण करावे, अशी ती शपथ होती. युद्धात पडलेल्या स्पार्टन वीरांच्या समाध्या प्लाटियाच्या हद्दीत होत्या, आणि तेथील लोक दरवर्षी त्यांना वस्त्रे व हंगामाचे पहिले पीक वाहत असत.

इ.स.पू. 431 च्या वसंत ऋतूच्या प्रारंभी, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील तीस वर्षांचा तह अजून उघडपणे मोडलेला नसताना, तीनशेहून थोडे अधिक थीबन सैनिक रात्रीच्या पहिल्या झोपेच्या वेळी प्लाटियात शिरले. वेशीचा दरवाजा आतून उघडला होता नॉक्लायडीझ आणि त्याच्या साथीदारांनी. आपल्या विरोधकांचा काटा काढून शहर थीब्झच्या हवाली करावे आणि सत्ता आपल्या हाती घ्यावी, हा त्यांचा बेत होता. प्रत्येक नगरराज्यात श्रीमंतांचा व सामान्यांचा असे गट असत आणि प्रत्येक गटाला बाहेरच्या एखाद्या बड्या राज्याचा आधार असे. त्यामुळे त्या काळातील किती तरी शहरे तटापेक्षा आतल्या फितुरीनेच अधिक पडली. शिरलेल्या थीबनांनी मात्र घरोघर जाऊन विरोधकांना मारण्याचे नाकारले आणि चौकात शस्त्रे टेकवून, ज्यांना बिओशियाच्या संघात यायचे असेल त्यांनी यावे, अशी दवंडी पिटवली.

भेदरलेले प्लाटियाचे नागरिक आधी वाटाघाटीला तयार झाले. पण बोलणी चालू असताना शत्रू संख्येने थोडा आहे हे त्यांच्या ध्यानात आले. रस्त्यावर दिसू नये म्हणून त्यांनी घरांच्या सामाईक भिंती आतून फोडून एकमेकांशी संधान बांधले, बैल सोडलेल्या गाड्या आडव्या लावून रस्ते अडवले आणि पहाटेपूर्वीच्या अंधारात हल्ला चढवला. महिनाअखेरची चांदण्याविना रात्र होती, पाऊस कोसळत होता आणि चिखलाने भरलेल्या अनोळखी गल्ल्यांत थीबन वाट चुकले; छपरांवरून स्त्रिया आणि गुलाम आरडाओरडा करीत दगड व कौले फेकत होते. ज्या दरवाजाने ते आले होते त्याच्या अडसराला कोणी तरी खिळीऐवजी भाल्याचे टोक ठोकून तो बंद केला होता. काहींनी तटावरून उड्या टाकल्या, काही जण एका स्त्रीने दिलेल्या कुऱ्हाडीने दुसऱ्या एका निर्जन दरवाजाचा अडसर तोडून निसटले, आणि मोठा जमाव तटाला लागून असलेल्या एका इमारतीचे दार शहराचाच दरवाजा समजून आत घुसला व तेथेच कोंडला गेला. मैदानावरील फळ्यांच्या लढाईचे जे नियम होते त्यांतील एकही या रात्रीला लागू पडत नव्हता, आणि युद्धात स्त्रिया व गुलाम यांचा हात प्रत्यक्ष कसा लागे हे दाखवणारे इतके तपशीलवार वर्णन ग्रीक इतिहासात फार थोडे आहे.

पावसाने फुगलेल्या असोपसमुळे थीब्झची कुमक उशिरा पोहोचली. तोवर प्लाटियाने 180 थीबन कैदी धरले होते. कुमकेने माघार घेतल्यास कैदी परत करू असे वचन प्लाटियाने शपथपूर्वक दिले, असे थीब्झचे म्हणणे होते. असे वचन दिलेच नव्हते, असे प्लाटिया म्हणे. कुमक परत फिरताच प्लाटियाने शिवारातील माणसे व मालमत्ता आत आणली आणि सर्व कैद्यांना ठार केले. कैद्यांना हात लावू नका असे सांगणारा अथेन्सचा दूत येऊन पोहोचला तेव्हा त्यांतील कोणीही जिवंत उरले नव्हते. नैतिक दृष्टीने हे कृत्य दोषास्पद होतेच, पण राजकीय दृष्टीनेही ते घातक होते, कारण जिवंत कैदी हे प्लाटियाच्या हातातील एकमेव तारण होते. अथेन्सने मग तेथे शिबंदी ठेवली आणि स्त्रिया, मुले व लढण्यास असमर्थ पुरुष यांना आपल्याकडे हलवले.

दोन वर्षांनी, इ.स.पू. 429 मध्ये, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात उघड युद्ध चालू असताना, स्पार्टाचा राजा आर्किडेमस पेलोपनीज द्वीपकल्पातील मित्रराज्यांचे सैन्य घेऊन प्लाटियासमोर येऊन ठाकला. प्लाटियाने पॉसेनिअसच्या शपथेची आठवण दिली. अथेन्सची साथ सोडा आणि तटस्थ राहा, असे आर्किडेमसने सुचवले. ते शक्य नसेल तर शहर, घरे, शिवेच्या खुणा आणि झाडांची मोजदाद आमच्या स्वाधीन करून युद्ध संपेपर्यंत अन्यत्र जा; आम्ही जमीन कसू, तुम्हाला निर्वाहापुरता मोबदला देऊ आणि युद्धानंतर सारे जसेच्या तसे परत करू, असा दुसरा प्रस्ताव त्याने मांडला. हा प्रस्ताव कपटाचा होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु प्लाटियाच्या नागरिकांची बायकामुले अथेन्समध्ये होती, आणि अथेन्सच्या संमतीवाचून त्यांना काही ठरवता येत नव्हते. अथेन्सने उत्तर पाठवले की, आजवर आम्ही तुम्हाला कधी अंतर दिले नाही, आताही देणार नाही, तुम्ही मैत्री सोडू नका. प्लाटियाने तटावरूनच नकार कळवला. त्यावर आर्किडेमसने त्या भूमीच्या देवतांना व वीरपुरुषांना साक्ष ठेवून, शपथ आधी प्लाटियानेच मोडली आहे, असे जाहीर केले आणि वेढ्यास आरंभ केला.

अथेन्सची मदत कधीच आली नाही. जमिनीवर स्पार्टाशी उघड्या मैदानात झुंज घ्यायची नाही, तटाआड राहून आरमाराच्या बळावर टिकून राहायचे, हे अथेन्सचा नेता पेरिक्लीझ याने आखलेले धोरण होते, आणि इ.स.पू. 430 पासून अथेन्स रोगाच्या साथीने खचले होते. समुद्रापासून दूर असलेले प्लाटिया या धोरणात मुळातच बसत नव्हते. तरीही अथेन्सने दिलेले आश्वासन बेजबाबदारपणाचे होते, हे मान्य केलेच पाहिजे.

शहराच्या आत 400 प्लाटियन, 80 अथेनियन आणि स्वयंपाकासाठी मागे राहिलेल्या 110 स्त्रिया एवढीच माणसे होती. लांबून जड दगड फेकून तट फोडणारी यंत्रे ग्रीकांच्या हाती पुढच्या शतकात आली; त्यामुळे एवढ्या थोड्या लोकांनाही चांगल्या तटाच्या आधारे मोठ्या सैन्याला रोखता येत होते. पेलोपनीजच्या सैन्याने सिथेरॉनवरील लाकूड तोडून आणले आणि तटाला भिडवून मातीचा दमदमा रचायला घेतला. पाळ्या लावून रात्रंदिवस ते काम चालले. प्लाटियाने समोरच्या तटावर लाकडी सांगाडा उभारून, घरे मोडून काढलेल्या विटांनी त्याची उंची वाढवली आणि पेटते बाण लागू नयेत म्हणून त्यावर कातडी पसरली. दमदमा जेथे तटाला टेकला होता तेथे तट पोखरून ते त्यातील माती आत ओढू लागले. शत्रूने वेताच्या विणलेल्या आवरणांत चिकणमाती ठासून ती भोके बुजवली, तेव्हा त्यांनी शहरातून भुयार खणून थेट दमदम्याच्या पोटातून माती काढण्यास सुरुवात केली, आणि वर कितीही भर टाकली तरी ढीग खचतच राहिला. दमदमा अखेर वर आलाच तर उपयोगी पडावी म्हणून त्यांनी तटाच्या आत चंद्रकोरीसारखी दुसरी भिंतही बांधली. तट फोडण्यासाठी आणलेल्या लाकडी मेढ्यांना त्यांनी फास टाकून वळवले, अथवा साखळ्यांनी टांगलेली जड तुळई वरून सोडून त्यांची टोके मोडली. मग वेढा घालणाऱ्यांनी तटाबाहेर मोळ्या रचून गंधक व डांबर घालून आग लावली. माणसाने मुद्दाम लावलेली एवढी मोठी आग तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती, पण अपेक्षित वारा सुटला नाही आणि शहर वाचले.

शरद ऋतूच्या सुमारास सैन्याने बळाचा मार्ग सोडून उपासमारीचा मार्ग धरला. शहराभोवती 16 फूट अंतराने दोन भिंतींचा कोट उभारण्यात आला, मधल्या जागेत पहारेकऱ्यांच्या खोल्या बांधल्या गेल्या, वर बुरूज आले आणि आतबाहेर खंदक खणले गेले. या कोटाच्या अर्ध्या भागावर बिओशियाचे सैनिक पहारा देत होते.

इ.स.पू. 428 च्या हिवाळ्यात धान्य संपत आले तेव्हा थिएनिटस नावाचा शकुनवेत्ता आणि युपॉम्पिडस नावाचा सेनापती यांनी कोट ओलांडून पळण्याची योजना मांडली. निम्म्यांनी धीर सोडला. सुमारे 220 जण तयार झाले. शत्रूच्या भिंतीचा गिलावा न झालेला भाग शोधून अनेकांनी अनेकदा विटांचे थर मोजले आणि बहुतेकांची संख्या जुळली तेव्हा त्यावरून शिड्यांची उंची ठरवली. वादळी पावसाची अंधारी रात्र निवडून, शस्त्रे एकमेकांवर आपटून आवाज होऊ नये म्हणून अंतर राखत, चिखलात पाय घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात पायताण घालून ते निघाले. पहिल्या तुकडीने दोन बुरूज ताब्यात घेतले. एवढ्यात कुणाच्या हाताने एक कौल खाली पडले आणि गलका झाला. शत्रूने थीब्झला इशारा देण्यासाठी मशाली पेटवल्या, तर शहरात राहिलेल्यांनी आधीच तयार ठेवलेल्या मशाली पेटवून त्या इशाऱ्याचा अर्थच लागू दिला नाही. निसटलेले लोक पाठलाग चुकवण्यासाठी आधी थीब्झच्याच रस्त्याने गेले आणि नंतर डोंगराकडे वळून अथेन्सला पोहोचले. 212 जण सुखरूप पोहोचले. काही आधीच परत फिरले होते आणि एक तिरंदाज बाहेरच्या खंदकाशी पकडला गेला. थुसिडिडीझच्या वर्णनातील बारकावे पाहता त्याने या लोकांकडूनच ही हकिकत ऐकली असावी, असे मानण्यास जागा आहे.

इ.स.पू. 427 च्या उन्हाळ्यात उरलेल्यांची ताकद संपली. तट सहज घेता आला असता, परंतु स्पार्टाच्या सेनानीला तसे न करण्याचा हुकूम होता. पुढे तह होऊन युद्धात जिंकलेली ठिकाणे परत करण्याचे ठरले, तर प्लाटिया आपखुशीने स्वाधीन झाले असे म्हणता यावे, हा त्यामागचा विचार होता. दोषी असतील त्यांनाच शिक्षा होईल, न्यायाविना कोणालाही नाही, असे आश्वासन देऊन शरणागती घेण्यात आली. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. त्यांनी आरोप ठेवला नाही. चालू युद्धात स्पार्टा व तिच्या मित्रराज्यांचे काही भले केले आहे काय, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाला विचारायचे ठरले. प्लाटियाच्या वतीने बोलणाऱ्या दोघांपैकी एक लॅकॉन हा स्पार्टाचा ‘प्रॉक्सेनॉस’, म्हणजे स्वतःच्या नगरात राहून परक्या राज्याच्या लोकांचे हितसंबंध पाहणारा नागरिक होता. त्यांनी पर्शियन युद्धातील सेवा, पॉसेनिअसची शपथ आणि आपल्या भूमीत निजलेल्या स्पार्टन वीरांच्या समाध्या यांची आठवण दिली. थीब्झने उत्तरात कैद्यांच्या कत्तलीचा दाखला दिला. त्यानंतर एकेकाला पुढे आणून तोच प्रश्न विचारला गेला, प्रत्येकाने ‘नाही’ म्हटले आणि प्रत्येकाला नेऊन ठार करण्यात आले. निदान 200 प्लाटियन आणि 25 अथेनियन मारले गेले; स्त्रियांना गुलाम करण्यात आले. युद्धात थीब्झ उपयोगी पडेल म्हणून स्पार्टाने हे केले, असा थुसिडिडीझचा स्पष्ट अभिप्राय आहे.

सुमारे वर्षभर ते शहर मेगारा या नगरराज्याच्या निर्वासितांना व थीब्झधार्जिण्या प्लाटियनांना वापरायला दिले गेले आणि नंतर पायापासून पाडून टाकले गेले. हेरा देवतेच्या स्थानाजवळ, पाडलेल्या घरांचीच छपरे व दारे वापरून, 200 फूट लांबीरुंदीची दुमजली धर्मशाळा बांधण्यात आली. हेरासाठी 100 फुटांचे दगडी मंदिर उभारले गेले. आणि जमीन दहा वर्षांच्या कराराने थीब्झच्या लोकांना कसायला दिली गेली. देवतेचा मान राखूनच शहर नाहीसे केले गेले.

अथेन्सने वाचलेल्या प्लाटियनांना नागरिकत्व दिले, जो मान परकीयांना फार क्वचित मिळे. इ.स.पू. 421 मध्ये अथेन्सचा सेनापती निशियास याच्या नावाने ओळखला जाणारा तह झाला तेव्हा, प्लाटिया स्वखुशीने स्वाधीन झाले होते या आधाराने थीब्झने ते परत केले नाही, आणि त्याच युक्तिवादाने अथेन्सने मेगाराचे बंदर स्वतःकडे ठेवले. त्याच वर्षी अथेन्सने बंड करणारे सिओनी हे उत्तरेकडील शहर वेढा घालून घेतले, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार केले, स्त्रिया व मुले गुलाम केली आणि ती रिकामी भूमी प्लाटियाच्या निर्वासितांना राहायला दिली. आपल्या नगराची जी गत झाली होती तीच गत झालेल्या दुसऱ्या नगराच्या घरांत त्यांना संसार मांडावा लागला. आणि युद्धाच्या अखेरीस अथेन्स हरल्यावर तीही जागा गेली.

इ.स.पू. 386 मध्ये पर्शियन सम्राटाच्या मध्यस्थीने झालेल्या तहानंतर स्पार्टानेच प्लाटिया पुन्हा वसवले, कारण आता थीब्झला आवर घालणे स्पार्टाला हवे होते. इ.स.पू. 373 च्या सुमारास थीब्झने ते दुसऱ्यांदा उद्ध्वस्त केले. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने इ.स.पू. 338 मध्ये केरोनियाच्या लढाईत थीब्झ व अथेन्स यांचा पराभव केल्यानंतर प्लाटियाच्या लोकांना परतीची वाट मोकळी झाली. तीन वर्षांनी थीब्झने फिलिपचा पुत्र अलेक्झांडर याच्याविरुद्ध बंड केले आणि ते शहर पडले, तेव्हा त्याचे काय करायचे हे ठरवण्याचे काम अलेक्झांडरने आपल्याबरोबरच्या ग्रीक मित्रराज्यांवर सोपवले. त्यांत प्लाटिया होते. निर्णय शहर जमीनदोस्त करण्याचा झाला. डायोडोरस या इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे 6,000 हून अधिक थीबन मारले गेले व 30,000 हून अधिक कैद झाले. कैद्यांना गुलाम म्हणून विकले गेले, आणि देवस्थानांची जमीन वगळून थीब्झचे शिवार मित्रराज्यांत वाटून देण्यात आले.